दात्याचा नकार

उन्हाळ्याच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला कोणी पाणपोई घालतो. रांजण भरून ठेवतो, शेजारीं पेला ठेवतो, आणि स्वतः सावलींत बसतो. वाटसरू येतात, पाणी पितात आणि मार्गाला लागतात. त्यांतला एखादा म्हणतो, "पाणी गार आहे खरें, पण जोडीला गुळाचा खडा असता तर बरें झालें असतें." दुसरा म्हणतो, "गुरांसाठीं एक हौद बांधा." तिसऱ्याला पाण्यांत टाकलेला वाळाच आवडत नाहीं. ह्या मागण्यांपैकीं एकहि अवाजवी नाहीं. परंतु मागणाऱ्यानें दमडीहि दिलेली नाहीं, आणि पाणपोई घालणारानें पाण्याखेरीज कशाचेंहि वचन दिलेलें नाहीं. तेव्हां ह्या दोघांचें नातें कोणतें? गिऱ्हाइकाचें म्हणावें, तर किंमत चुकती झालेली नाहीं. भिक्षेकऱ्याचें म्हणावें, तर मागणारा ताठ मानेनें मागतो, आणि पुष्कळदां त्याचें म्हणणें बरोबरहि असतें.

संगणकाच्या जगांत गेल्या चाळीस वर्षांत अशा पाणपोया हजारोंनीं उभ्या राहिल्या. बाजारांत विकत मिळणारें सॉफ्टवेअर हें बहुधा मोहोरबंद पेटीसारखें असतें. पेटी चालते, परंतु आंत काय आहे हें घेणारास कळत नाहीं. ह्याच्या उलट, ज्यास मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात त्याच्याबरोबर त्याची मूळ संहिता, म्हणजे कर्त्यानें लिहिलेल्या आज्ञा जशाच्या तशा, मिळते. ती वाचावी, बदलावी आणि बदललेली प्रत दुसऱ्यास द्यावी अशी मुभा असते. वापरणारे वाढले कीं साहजिकच मागण्या वाढतात. अमुक सोय घाला, तमुक यंत्रावर चालवून दाखवा, आमच्या भाषेचीं अक्षरें उमटूं द्या. ह्या चळवळीच्या तत्त्वज्ञानाची चर्चा पुष्कळ होते. परंतु तिला आकार दिला तो कर्त्यांनीं ह्या मागण्यांस दिलेल्या होकार-नकारांनीं, असें आमचें मत आहे. कारण येथें नकाराचा अर्थच निराळा होतो. पाणपोईवाल्यानें गूळ नाकारला तर वाटसरू मुकाट्यानें चालूं लागतो. येथें तो त्याच रांजणांतलें पाणी घेऊन शेजारीं आपली पाणपोई उभारूं शकतो. आणि होकाराची गोष्ट तर त्याहून अवघड. एकदां दिलेली सोय सहजासहजीं काढून घेतां येत नाहीं. ज्यानें ती घातली त्यालाच ती पुढें वर्षानुवर्षें झाडून-पुसून ठेवावी लागते, आणि मागणारा तर केव्हांच निघून गेलेला असतो.

प्रारंभ ॲम्स्टरडॅमपासून करूं. तेथील एका विद्यापीठांत प्रा. अँड्र्यू टॅनेनबॉम हे ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, हा विषय शिकवीत असत. कार्यप्रणाली हा संगणकाचा कारभारी होय. कोणत्या कामास केव्हां वेळ द्यावयाचा, स्मृतींतली जागा कोणास वांटून द्यावयाची, डिस्कवरचें दप्तर कसें लावावयाचें, हें सर्व तोच पाहतो. त्या काळीं ह्या विषयाचें उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील ए. टी. अँड टी. कंपनीची युनिक्स प्रणाली. परंतु १९७९ सालीं तिची सातवी आवृत्ति निघाली तेव्हां तिची संहिता वर्गांत शिकवूं नये असें बंधन कंपनीनें परवान्यांत घातलें. शारीरशास्त्र शिकवावयाचें, पण देह उघडून दाखवावयाचा नाहीं, अशी शिक्षकांची अवस्था झाली. टॅनेनबॉम ह्यांनीं मग युनिक्सप्रमाणें वागणारी, परंतु आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःची, अशी एक लहान प्रणाली लिहून काढली. मिनिक्स हें तिचें नांव. १९८७ सालीं तिच्यावरील त्यांचें पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झालें आणि संहितेच्या सुमारें १२,००० ओळी त्यांत छापून आल्या.

पुस्तक निघालें आणि मिनिक्स वापरणारांचा एक वार्तासमूह संगणकांच्या जाळ्यावर लवकरच सुरू झाला. हजारों लोक तेथें जमले. त्यांतले बहुतेक टॅनेनबॉम ह्यांचे विद्यार्थी नव्हते. घरच्या संगणकावर युनिक्ससारखें कांहीं तरी चालावें एवढीच त्यांची हौस होती. मागण्यांचा पाऊस सुरू झाला. कोणास नव्या ३८६ प्रोसेसरचें पूर्ण बळ वापरावयाचें होतें, कोणास अधिक स्मृति हवी होती, कोणास युनिक्समधली अमुक एक आज्ञा हवी होती. टॅनेनबॉम ह्यांचें उत्तर बहुधा एकच असे: नाहीं. एका सत्रांत विद्यार्थ्याला संपूर्ण वाचून समजेल एवढीच ही प्रणाली राहिली पाहिजे, आणि साध्यांतल्या साध्या स्वस्त यंत्रावरहि ती चालली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. हा नकार कंजूषपणाचा नव्हता. तो शिक्षकाचा होता. वर्गांत फळा केवढा असावा हें शिक्षकाला ठाऊक असतें.

मात्र येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. मिनिक्सची संहिता वाचावयास मोकळी असली तरी बदललेली संपूर्ण प्रत वांटण्याचें स्वातंत्र्य त्या वेळीं नव्हतें. तें २००० सालीं आलें. त्यामुळें ज्यांनीं स्वतः सुधारणा केल्या त्यांस मूळ वस्त्र सोडून नुसतीं ठिगळेंच वांटावीं लागत. ब्रूस एव्हान्स ह्यांनीं ३८६ साठीं केलेलीं ठिगळें पुष्कळांनीं वापरलीं. मूळ मिनिक्स विकत आणावयाची, ठिगळें मिळवावयाचीं आणि एकेक करून स्वतः शिवीत बसावयाचें! पाणपोईवर गूळ नाकारणें ही एक गोष्ट. आणि पाणी घरीं नेण्यास मनाई असणें ही दुसरी. मिनिक्सच्या दाराशीं लोक ताटकळले ते ह्या दोन्ही कारणांनीं.

२५ ऑगस्ट १९९१ रोजीं ह्याच वार्तासमूहांत एक पत्र आलें. लिहिणारा लिनस टॉर्व्हाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठांतला एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता, आणि टॅनेनबॉम ह्यांच्या पुस्तकाचा भक्त होता. पत्राचा मथळाच मोठा अर्थपूर्ण होता. मिनिक्समध्यें काय असावें असें तुम्हांस सर्वांत अधिक वाटतें, असा तो प्रश्न होता. आपण ३८६ वर चालणारी एक प्रणाली केवळ हौस म्हणून लिहीत आहों, मिनिक्समधलें काय आवडतें व काय आवडत नाहीं तें लोकांनीं कळवावें, असें त्यानें लिहिलें. आणि सूचनांचें स्वागत आहे, मात्र त्या अंमलांत आणीनच असें वचन देत नाहीं, अशी पुस्तीहि त्यानें हंसत हंसत जोडली. लिनक्सच्या जन्माची घोषणा म्हणून हें पत्र आज प्रसिद्ध आहे. परंतु तें नीट वाचलें तर ती घोषणा नसून मागण्यांचें निमंत्रण आहे असें दिसून येईल. ज्या दारावरून लोक चार वर्षें विन्मुख परत जात होते, त्याच दाराशीं उभा राहून एक मुलगा त्यांना विचारीत होता, "तुम्हांला काय हवें होतें?"

ह्या निमंत्रणाचें मोल त्याच वर्षाच्या अखेरीस कळलें. जर्मनींतल्या एका वापरणाराच्या संगणकांत अवघी दोन मेगाबाइट स्मृति होती. लिनक्सची संहिता यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जो अनुवादक, ज्यास कंपायलर म्हणतात, तो तेवढ्या जागेंत मावत नसे. एखादा लहान अनुवादक वापरतां येईल काय, एवढीच त्या गृहस्थाची पृच्छा होती. टॉर्व्हाल्ड्सला स्वतःला ही अडचण मुळींच नव्हती. तरी त्यानें नाताळच्या सुमारास बसून निराळाच उपाय लिहून काढला. स्मृतींत जागा कमी पडली कीं सध्यां न लागणारीं पानें डिस्कवर नेऊन ठेवावयाचीं, आणि लागतील तेव्हां परत आणावयाचीं. लहान ओट्यावर स्वयंपाक करणारी गृहिणी नको असलेलीं भांडीं खालीं उतरवून ठेवते, तसाच हा प्रकार. मिनिक्सला ही सोय नव्हती. जानेवारी १९९२ मध्यें ती घेऊन ०.१२ ही आवृत्ति निघाली, आणि लिनक्स वापरणारांची संख्या झपाट्यानें वाढूं लागली. कांहींतरी मोबदला देऊं करणारांस टॉर्व्हाल्ड्स सांगे कीं पैसे नकोत, आपल्या गांवाहून एक पोस्टकार्ड पाठवा.

दुसरी एक मागणी संहितेविषयीं नव्हती, तर परवान्याविषयीं होती. लिनक्सच्या वांटपांत पैशाचा संबंध मुळींच येतां कामा नये, अशी अट टॉर्व्हाल्ड्सनें आरंभीं घातली होती. फ्लॉपींवर प्रती करून वांटणाऱ्या मंडळींनीं विचारलें, निदान फ्लॉपीची किंमत तरी घेऊं द्याल कीं नाहीं? प्रश्न रास्त होता. त्यानें अट सोडली, आणि रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं तयार केलेला जी. पी. एल. परवाना १९९२ सालीं स्वीकारला. पुढें मोठमोठ्या कंपन्यांनीं लिनक्सवर आपले व्यवसाय उभारले, त्याची वाट फ्लॉपीच्या त्या किरकोळ खर्चाच्या प्रश्नानें मोकळी झाली.

टॅनेनबॉम ह्यांस हें सर्व पसंत नव्हतें. २९ जानेवारी १९९२ रोजीं, लिनक्स कालबाह्य आहे, अशा मथळ्याचें पत्र त्यांनीं लिहिलें. आणि तुम्ही माझे विद्यार्थी नाहीं हें तुमचें भाग्य, असल्या रचनेला मीं फारसे गुण दिले नसते, असेंहि त्यांनीं त्या वादांत ऐकविलें. तो वाद पुष्कळांनीं पुष्कळदां चघळलेला आहे. त्यांत आम्ही शिरत नाहीं. लिनक्स ही टॅनेनबॉम ह्यांच्या नकारांतूनच जन्मास आली असें म्हणणेंहि बरोबर होणार नाहीं. टॉर्व्हाल्ड्सच्या कामाचा आरंभ विद्यापीठाच्या संगणकाशीं घरून संधान बांधणाऱ्या एका लहानशा आज्ञावलीपासून झाला होता. परंतु तिच्याभोंवतीं इतक्या जलद जी गर्दी जमली, ती मात्र मिनिक्सच्या दाराशीं ताटकळलेल्या लोकांची होती. मग दोघांपैकीं चुकलें कोण? आमच्या मतें कोणीच नाहीं. लिनक्सची पहिली संहिता सुमारें १०,००० ओळींची होती. आज ती तीन कोटी ओळींच्याहि पुढें गेली आहे, आणि कोणीहि एक मनुष्य ती जन्मभर वाचीत बसला तरी तिचा पार लागणार नाहीं. होकारांची ही बेरीज आहे. एका माणसाच्या डोक्यांत संपूर्ण मावणारी वस्तु टॅनेनबॉम राखूं पाहत होते, ती त्यांनीं राखली. जगभर पसरणारी वस्तु टॉर्व्हाल्ड्सनें मिळविली. दोन्ही एकाच झाडावर लागत नाहींत.

नकाराचा एक निराळाच प्रकार कॅलिफोर्नियांत घडला. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डोनाल्ड कनूथ ह्यांच्या एका ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ति निघावयाची होती. १९७७ सालीं तिचीं मुद्रितें हातीं आलीं तेव्हां अक्षरांचें तें नवें यांत्रिक रूप पाहून ते इतके खट्टू झाले कीं हातांतलें लेखन बाजूस ठेवून ते ग्रंथ जुळविणारी आज्ञावलीच रचावयास बसले. टेक हें तिचें नांव. एखाद्या वर्षाचें म्हणून घेतलेलें हें काम दहा वर्षांहून अधिक चाललें. कनूथ हे आपल्या चुकांची वही ठेवणारे गृहस्थ. त्या वहीवरून त्यांनीं १९८९ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला आणि टेकमध्यें केलेल्या बदलांचे पंधरा वर्ग पाडून दाखविले. त्यांत घोडचुका आहेत, विसरलेल्या गोष्टी आहेत, लेखणीचे दोष आहेत. आणि दोष नव्हेत अशा, वाढीच्या व सुधारणेच्या नोंदीहि आहेत. चूक दाखवून देणाऱ्यास ते पदरचें बक्षीस देत. सोय मागणाऱ्यास मात्र बक्षीस नसे. दोष आणि मागणी ह्यांतला हा भेद त्यांनीं जितक्या काटेकोरपणें पाळला तितका फारच थोड्यांनीं पाळला असेल.

तथापि एक मागणी त्यांना मानावी लागली. टेकला त्या काळीं एकंदर १२८ चिन्हेंच वाचतां येत. इंग्रजीला तेवढीं पुरत. जर्मन, फ्रेंच किंवा स्वीडिश लिहिणारांस स्वरांवरचीं चिन्हें निराळीं जोडून घ्यावीं लागत, आणि असें चिन्ह जोडलेला शब्द ओळीच्या अखेरीस कोठें तोडावयाचा हें टेकला उमगत नसे. १९८९ च्या उन्हाळ्यांत स्टॅनफर्ड येथें टेक वापरणारांचा मेळावा भरला. युरोपांतून आलेल्या मंडळींनीं तेथें आपलें गाऱ्हाणें मांडलें. वस्तुतः कनूथ ह्यांचा टेकला पुन्हां हात लावण्याचा विचार नव्हता. परंतु सात बिटांत जगाचें भागेल ही आपली समजूत अपुरी होती हें त्यांना पटलें. १९९० सालीं टेकची तिसरी आवृत्ति निघाली. तींत चिन्हें २५६ झालीं, आणि एकाच ग्रंथांत अनेक भाषांचे शब्द त्या त्या भाषेच्या नियमानें तोडण्याची सोय झाली.

एवढें दिल्यावर कनूथ ह्यांनीं दार लावून घेतलें. ह्यापुढें नवी सोय नाहीं. खरी चूक सांपडली तर ती तेवढी दुरुस्त होईल, आणि दर दुरुस्तीगणिक आवृत्तीच्या आंकड्यांत पाय ह्या गणिती संख्येचा एकेक अंक वाढत जाईल, असें त्यांनीं जाहीर केलें. २०२१ सालीं निघालेल्या आवृत्तीचा क्रमांक ३.१४१५९२६५३ हा आहे. आपल्या मरणानंतर क्रमांक पूर्ण पाय व्हावा, आणि त्या वेळीं जे दोष उरले असतील ते गुण समजावे, अशी त्यांची इच्छा. ज्याला बदल हवा असेल त्यानें संहिता खुशाल घ्यावी, मात्र त्या वस्तूला टेक हें नांव देऊं नये, एवढीच अट. हा नकार वरकरणीं फार कठोर दिसतो. परंतु चाळीस वर्षांपूर्वीं टेकमध्यें जुळविलेला ग्रंथ आजहि ओळ न हलतां तसाच जुळतो, हें त्या कठोरपणाचें फळ आहे.

ह्या कथेचा एक धागा आपल्या लिपीपर्यंत येऊन पोंचतो. १२८ चीं २५६ झालीं तरी देवनागरीची गरज त्यांत भागणारी नव्हती. आपलीं जोडाक्षरेंच शेंकड्यांनीं मोजावयाचीं. हॉलंडांतील ग्रोनिंगेन विद्यापीठांत फ्रान्स वेल्थुइस ह्यांनीं १९९१ सालीं ह्यावर तोडगा काढला. कनूथ ह्यांच्याकडे कांहींहि न मागतां त्यांनीं टेकच्या अलीकडे एक दुभाषी बसविला. रोमन अक्षरांत लिहिलेला मजकूर तो आधीं वाचतो, कोणतें जोडाक्षर कोठें घ्यावयाचें तें ठरवितो, आणि मग सर्व टेकच्या स्वाधीन करतो. पुढें ह्या संचांत अक्षरांचीं मुंबई, कलकत्ता आणि नेपाळी अशीं निरनिराळीं वळणेंहि आलीं. अ, झ, ण ह्या अक्षरांचीं उत्तरेकडील जुनीं रूपें निर्णयसागरच्या टाइपांवर पोसलेल्या मराठी डोळ्यांस किती परकीं वाटतात हें ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘मुंबई वळणा’ची ही सोय क्षुल्लक वाटणार नाहीं. २००४ सालीं जोनाथन क्यू ह्यांनीं टेकच्याच संहितेवरून झीटेक ही निराळ्या नांवाची आज्ञावली तयार केली, आणि मग रोमनचें मध्यस्थ काढून टाकून सरळ देवनागरींतच लिहितां येऊं लागलें. कनूथ ह्यांनीं दार लावलें, पण भिंतीला लागून दुसरें घर बांधण्यास त्यांनीं कोणालाहि अडविलें नाहीं. मिनिक्स आणि टेक ह्यांच्या नकारांत महत्त्वाचा फरक आहे तो हा.

मागणी-मागणींतून कर्ता थकतो तो कसा, हें पायथॉन ह्या संगणक-भाषेच्या इतिहासांत दिसतें. तिचे जनक खीदो फान रॉसुम हेहि ॲम्स्टरडॅमचेच. २००० सालापासून त्या मंडळीनें अशी रीत घातली कीं नवी सोय मागणाऱ्यानें तोंडी भुणभुण न करतां रीतसर प्रस्ताव लिहावा, विरुद्ध बाजूचीं कारणेंहि त्यांतच नमूद करावीं, आणि अखेरचा निर्णय रॉसुम ह्यांनीं द्यावा. नाकारलेले प्रस्तावहि जपून ठेवले जातात, म्हणजे तीच मागणी पुन्हां आली तर बोट दाखवितां येतें. रीत उत्तमच. परंतु २००३ सालीं एका लहानशा वाक्यरचनेसाठीं लोकांचें मत घेतलें तेव्हां कोणत्याहि एका पर्यायास स्पष्ट बहुमत मिळेना. अखेर दोन वर्षांनीं रॉसुम ह्यांनींच एक रूप निवडून वाद मिटविला. २०१८ सालीं अशाच एका रचनेवरून फार कडाक्याचें भांडण झालें. त्यांनीं प्रस्ताव मान्य केला, आणि १२ जुलै रोजीं आपला अखेरचा अधिकार सोडला. एका प्रस्तावासाठीं इतकें झगडावें आणि इतक्या लोकांनीं आपल्या निर्णयाचा तिटकारा करावा, हें पुन्हां आपल्यानें होणार नाहीं, असें त्यांनीं लिहिलें. मजा अशी कीं ह्या वेळीं त्यांनीं नकार दिला नव्हता, होकार दिला होता. पुढल्या वर्षापासून पांच निवडलेल्या लोकांची समिति तें काम पाहते.

टॅनेनबॉम ह्यांच्याविषयीं मात्र अजून एक गोष्ट सांगावयाची राहिली. २००५ सालीं त्यांनीं मिनिक्सची तिसरी पिढी काढली. ही केवळ वर्गापुरती नव्हती. कांहीं वर्षांनीं इंटेल कंपनीच्या अभियंत्यांनीं त्यांच्याशीं संपर्क साधला आणि एका गुप्त कामासाठीं पुष्कळ तांत्रिक प्रश्न विचारले. मग मागण्या आल्या. ही प्रणाली थोड्या स्मृतींत बसेल अशी करा. नको असलेले भाग सहज वगळतां येतील अशी योजना संहितेंत करा. ज्यांनीं पूर्वीं हजारोंना नाहीं म्हटलें होतें, त्या टॅनेनबॉम ह्यांनीं ह्या मागण्या पुरविल्या. त्यानंतर तिकडून कांहींच कळलें नाहीं. २०१७ सालीं संशोधकांच्या तपासांतून बाहेर आलें कीं इंटेलच्या चिपसंचांत मुख्य प्रोसेसरच्या आड जो एक लहान व्यवस्थापक संगणक गुपचूप चालत असतो, त्यांत मिनिक्स बसविलेली आहे. म्हणजे लाखों लोकांच्या टेबलांवर ती नांवगांव न सांगतां वावरत होती. टॅनेनबॉम ह्यांनीं कंपनीच्या प्रमुखांस एक उघडें पत्र लिहिलें. परवान्याप्रमाणें आपणांस कळविण्याचें कोणतेंहि बंधन कंपनीवर नव्हतें, पैशाचीहि आपली अपेक्षा नाहीं, हें त्यांनीं त्यांत स्वच्छ मान्य केलें. फक्त काम पुरें झाल्यावर कोणी एका शब्दानें सांगितलें असतें तर बरें वाटलें असतें, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.